बुलबुलांची सावली

थान पेइरोंगकडे माझं पहिल्यांदा लक्ष गेलं ते चीनमधल्या आमच्या शाओशिंगच्या शाळेच्या मागच्या अंगणात. भर दुपारी ही नवी चित्रकलेची शिक्षिका उकिडवी बसून, सांडलेला भात टिपणाऱ्या चिमणीऐवजी चिमणीच्या सावलीकडे टक लावून पाहत होती. मी गणिताचा मास्तर. मला ते चमत्कारिकच वाटलं.

शाईने पक्षी काढायला तिला वडिलांनी शिकवलं होतं, आणि पाश्चात्त्यांचा छायाप्रकाश ती शांघायच्या कॉलेजात शिकली होती. दोन्ही ती एकाच कागदावर आणायची. आमचे म्हातारे भाषाशिक्षक चिडवायचे, "पेइरोंग, आज काय काढलंस? गाढव की घोडा?"

"खेचर," ती म्हणायची. "ओझं जास्त वाहतं."

१९८४ साली शाळेने प्रांताच्या प्रदर्शनासाठी पहिल्यांदाच तिचं नाव दिलं. ती एक्केचाळीस वर्षांची होती. तिने दोन बुलबुल काढले आणि खाली उन्हातली त्यांची फिकट सावली. एकट्या सावलीवर पंधरा दिवस गेले. मग चित्र मढवायला, म्हणजे मागून कागद चिकटवून फळीवर ताणून घ्यायला, फानकाकांच्या दुकानात दिलं.

आणायला मीही बरोबर गेलो. काका खुशीत होते. "खाली पाण्याचा डाग पडला होता, पोरी. तेवढी पट्टी कापून टाकली. कुणाच्या लक्षातही येणार नाही."

तिने चित्राच्या कापलेल्या कडेवर बोट ठेवलं. "काका, ती सावली होती."

"पक्ष्याला सावली? चाळीस वर्षं मढवतोय, एकाही पक्ष्याला नव्हती." मग त्यांचा चेहरा उतरला.

मढवणारे कागदाचा कपटाही फेकत नाहीत. पट्टी खणात सापडली. काकांनी मागचा कागद सोडवून ती जोडली आणि चित्र पुन्हा फळीवर ताणून चिकटवलं. सांधा मला भिंगातूनही दिसला नाही. पण वाळायला दहा दिवस हवेत, आणि चित्रं स्वीकारायची मुदत चार दिवसांत संपणार होती.

"परवाच काढून देतो," काका म्हणाले. तसं केलं तर कागद सुरकुततो, हे दोघांनाही ठाऊक होतं.

"राहू द्या. नीट वाळू दे."

परतताना मी चिडून म्हणालो, "चार शब्द सुनावायचे तरी."

"ते त्यांनी स्वतःच स्वतःला सुनावलेत," ती म्हणाली.

पुढच्या वर्षी शाळेने दुसऱ्याचं नाव पाठवलं.

आज पेइरोंग एक्क्याऐंशी वर्षांची आहे. चित्रं अजून त्याच दुकानात देते. काका गेले, आता त्यांची सून मढवते, आणि सुरी लावण्याआधी फोन करून विचारते.