व्हर्लिन स्कोगेनची नवी नळी

मोंटानातल्या आमच्या गावात व्हर्लिन स्कोगेनइतका संशयी माणूस दुसरा नव्हता. सबंध आयुष्य त्यानं हिवाळ्यात रस्त्यावरचा बर्फ उपसण्याचं यंत्र चालवलं, पण त्या यंत्रात डिझेल दुसऱ्यानं भरलं तर तो काठी घालून टाकी तपासायचा. बायको गेल्यावर तो सूपसुद्धा माझ्याकडचं प्यायचा ते मी आधी प्यायल्यावरच. मी शेजारी, आणि शिकारीचा सोबती.

त्या उन्हाळ्यात मला सोबत घेऊन त्यानं वडिलांची, एल्क नावाचं मोठं हरीण मारायची रायफल डेल्फिन आर्कांकडे नेली. डेल्फिन बंदुका दुरुस्त करायची. बापाचंच दुकान तिनं पुढे चालवलं होतं.

"हिला लहान काडतूस बसव," व्हर्लिन म्हणाला. "नळी हीच राहू दे. नुसतं काडतुसाचं घर बदल."

"घर मोठं करता येतं, लहान नाही करता येत," डेल्फिन म्हणाली. "आणि गोळी बारीक झाली की या रुंद नळीतून ती खडखडत जाणार. नळीच बदलावी लागेल."

"म्हणजे तुझ्याकडचीच घ्यायची. वाटलंच मला!"

परतताना गाडीत तो एवढंच बोलला, "बाईनं जाळं टाकलंय."

पुढच्याच शनिवारी बंदुकांच्या बाजारातून त्यानं एक नळी आणली. हवी त्याच मापाची, बाहेरून आरशासारखी. विकणाऱ्यानं शपथ घेतली होती, ही कोरी आहे म्हणून. दुकानात डेल्फिननं तेल लावून मऊ शिशाची गोळी नळीच्या तोंडाशी बसवली, सळईनं हळूहळू आत ढकलली आणि मध्येच थांबली.

"आत फुगलीये. कुणीतरी अडकलेल्या गोळीवर दुसरी झाडलीये. ही मी बसवणार नाही."

"तुझी खपावी म्हणून बोलतेस!"

"मग घरी नेऊन स्वतः ढकलून बघा की."

त्यानं खरंच तसं केलं. माझ्या गॅरेजात, दार लावून. शिसं अर्ध्यापर्यंत घट्ट सरकत होतं. मग अचानक सळई सैल पडली, आणि तीनचार बोटं पुढे पुन्हा घट्ट. त्यानं परत केलं, दुसऱ्या बाजूनं केलं. शेवटी सळई माझ्या हातात दिली. "तू ढकल. मला काही सांगू नकोस, नुसता चेहरा दाखव."

मी ढकललं. माझा चेहरा बघून तो बादलीवर मटकन बसला. "झाडताना फुटली असती ही. गेला असता माझा हात," तो म्हणाला.

सोमवारी डेल्फिननं तीन नळ्या टेबलावर मांडल्या. त्यानं तिन्हीतून शिसं ढकललं, तिला हात लावू दिला नाही. ती कॉफी पीत बघत राहिली.

"हलकी घ्या," ती म्हणाली. "डोंगर चढायचाय तुम्हाला."

"जाड दे."

"जाड? या वयात?" तिनं कप ठेवला. आता संशय तिच्या डोळ्यांत होता. "काडतूस लहान, नळी जड. व्हर्लिन, धक्का सोसत नाही ना? खांदा?"

"खांद्याला काही झालेलं नाही!"

"उजवा हात न उचलता कोट घालता आजकाल. दोन वर्षं बघतेय मी."

तो माझ्याकडे वळला, जणू मीच चुगली केली होती. मला तर ठाऊकच नव्हतं. मग हळूच म्हणाला, "मागच्या मोसमात झाडल्यावर ओरडलो मी. एल्क समोर उभा होता, आणि मी लहान पोरासारखा ओरडलो. कुणाला सांगू नका."

डेल्फिन हसली नाही. तिनं मधल्या वजनाची नळी निवडली, खांद्याला टेकणाऱ्या लाकडाच्या मागे रबराची जाड गादी सुचवली. नळी बसवायला तिला दोन दिवस लागले; तो तिच्या यंत्राशेजारी उभा राहून दोन्ही दिवस बघत राहिला.

नोव्हेंबरात आम्ही वर गेलो. एका गोळीत मादी एल्क पडली. व्हर्लिन बंदूक खाली ठेवून खांदा चोळत राहिला, दुखत नसतानाही.

"दारू कमी भरलीये वाटतं काडतुसात," तो म्हणाला.

मग आम्ही चाकू काढले आणि कामाला लागलो.