मंदाताईंची माघार

मांजलपूरच्या मंदा शिर्के रेल्वेच्या नोकरीतून निवृत्त झाल्या आणि घरी बसून करणार काय, तर लेकीचाच अभ्यास करू लागल्या. मोहना राज्यशास्त्र शिकते. तिच्या मोबाइलवर गेम थिअरीची व्याख्यानं लागली, की भाजी निवडता निवडता मंदाताई कान टवकारत. समोरचा काय करील ते ताडायचं आणि मग आपली चाल ठरवायची, निवडणुका अशाच लढवतात, हे कळल्यावर बाई एकदम खूश. "अगं, हे तर मी सासरी आल्यापासून करतेय!"

तेवढ्यात सोसायटीची निवडणूक आली. हार्दिकभाईंना अध्यक्ष व्हायचं होतं आणि मधला, सगळ्यांच्या वापराचा मोकळा कॉमन प्लॉट लग्नकार्यांना भाड्यानं द्यायचा होता. अर्धांगवायूनंतर मंदाताईंचे यजमान आनंदराव रोज संध्याकाळी तिथेच काठी टेकत चालत. बाहेर वाहनांच्या गर्दीत त्यांना नेणार कुठे?

मंदाताईंनी अर्ज भरला. शेजारच्या सलीलभाऊंनाही प्लॉट मोकळा हवा होता, म्हणून त्यांनीही भरला. आता मतं फुटणार आणि हार्दिकभाई आरामात येणार, हे मंदाताईंनी झटकन ओळखलं. एकानं माघार घ्यायलाच हवी. त्या भाऊंकडे गेल्या.

"भाऊ, तुम्हीच उभे राहा."

"छे छे, ताई, तुमच्यापुढे मी कोण?"

"असं कसं! मान तुमचा."

चहा झाला, चिवडा झाला, पण ‘मला अध्यक्ष व्हायचंय’ हे काही कुणाच्या तोंडून निघेना. भिडस्तपणाची कमालच म्हणायची! घरी येऊन मंदाताईंनी ताडलं, भाऊंना मनातून हवंय. भाऊंनी ताडलं, ताईंना हवंय. शेवटच्या दिवशी दोघांनीही परस्पर अर्ज मागे घेतले आणि हार्दिकभाई बिनविरोध!

"आई, सरळ विचारायचं ना एकदा!" मोहनानं कपाळाला हात लावला. मंदाताईंना स्वतःचा असा राग आला, की विचारू नका.

पण प्लॉटचा ठराव सगळ्या सभासदांपुढे मंजूर व्हायला हवा होता. सभा प्लॉटवरच भरली.

"कोणाला वांधा असेल तर हात वर करा," हार्दिकभाई म्हणाले.

जो तो दुसऱ्याच्या हाताकडे बघत बसला. आधी कोण करतंय, याचीच वाट. आता आपणही ताडत बसलो तर सगळं संपलं, हे मंदाताईंना कळून चुकलं. त्यांनी हात वर केला.

"मला वांधा आहे. आमच्या ह्यांना चालायला दुसरी जागा नाही." कुणीच हललं नाही. मंदाताईंना रडूच यायचं बाकी होतं.

मग खुर्चीत बसलेल्या आनंदरावांनी डाव्या हातानं आपला लुळा उजवा हात धरला आणि वर उचलला. जेमतेम खांद्यापर्यंत आला. पाठोपाठ सलीलभाऊंचा हात वर गेला, मग समोरच्या ब्लॉकमधल्या बायकांचे, मग मत नसलेल्या पोराटोरांचेसुद्धा.

"बस, बस, प्लॉट राहू दे आहे तसा," हार्दिकभाई म्हणत होते. मंदाताईंचं तिकडे लक्षच नव्हतं. "अहो पुरे, दुखेल," म्हणत त्या आनंदरावांचा हात खाली घ्यायला बघत होत्या, आणि आनंदराव काही तो खाली घेऊ देत नव्हते.