पाठ नसलेलं चिलखत

टिकारामकाका आमच्या घरातून निघाले की उलटे चालत निघायचे. हात जोडायचे, तीन पावलं मागे सरकायचे, टाचेनं उंबरठा चाचपायचे आणि अंगणात उतरल्यावरच वळायचे. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, म्हाताऱ्याच्या गुडघ्यात काहीतरी बिघाड आहे. मग कळलं की झाडीपट्टीतल्या एका नाटक मंडळीत त्यांनी तीस वर्षं कपडेपट सांभाळला होता, आणि माणूस कमी पडला की स्वतःच भाला धरून पहारेकरी व्हायचे. पहारेकऱ्यानं राजाला पाठ दाखवायची नसते. मंडळी सुटली, सवय अर्जुनी मोरगावच्या आमच्या गल्लीत त्यांच्यासोबत राहायला आली.

त्यांनी केलेल्या एकाही चिलखताला मात्र पाठ नव्हती. समोर पुठ्ठा, मागे नाड्याच्या गाठी. विचारलं तर म्हणायचे, "पाठ कोन पायते, सूनबाई? पब्लिक समोर बसते. मागचा पुठ्ठा वाचला तं त्यात अजून एक शिपाई होते."

दिवाळीनंतर माझा नवरा गेला. गोंदियाहून मोटरसायकलनं घरी येत होता. मी रडले नाही. बायका यायच्या, माझ्या तोंडाकडे बघत बसायच्या, कधी फुटते याची वाट पाहायच्या. मला त्यांचा संताप यायला हवा होता, तोही येत नव्हता. दात काढल्यावर गाल बधिर होतो ना, तसं आतून सगळं झालं होतं. काका आले, चहा प्यायले आणि म्हणाले, "रडू नाई येत तं नको रडू. लोकाईले समोरचं दाखव, पाठ घरी ठेव." त्या दिवसांत मला पटलेलं हे एवढं एकच बोलणं.

माझी मुलगी आर्या तेव्हा तिसरीत होती. जानेवारीत शाळेचं स्नेहसंमेलन होतं आणि वेशभूषा स्पर्धेत तिला रोमन सैनिक व्हायचं होतं. पुस्तकातलं चित्र दाखवून तिनं बाबाकडून कबूल करून घेतलं होतं, तू बनवून देशील म्हणून. मी तिला म्हटलं, यंदा राहू दे. ती गप्प बसली. ती गप्प बसली की काकांना कसं कळायचं देव जाणे, पण दुसऱ्याच दिवशी ते तेलाचे तीन रिकामे खोके काखेत मारून दारात उभे. मला यातलं काही सुचत नाही, असं मी सांगितलं.

"तुले कोन सुचवाले सांगून राहिलं? कनकी शिजव."

तांदळाच्या कण्या शिजवून मी खळ करून दिली. तेवढंच केलं. काकांनी पुठ्ठ्याच्या चार बोटं रुंद पट्ट्या कापल्या, ओल्या फडक्यानं पुसून पाण्याच्या गुंडीवर वाकवल्या आणि छपरावरच्या कवेलूसारख्या एकीवर एक चढवत चिकटवल्या. शिरस्त्राण माझ्या भाताच्या गंजावर बेतलं. त्यावरचा तुरा म्हणजे फुलझाडूचा शेंडा, लाल रंगात बुडवलेला. फाटक रंगवून उरलेला चंदेरी रंग वरून फासला. विकत काही आणलं नाही, नाडासुद्धा माझ्या जुन्या परकराचा. मग आठ दिवस त्यांनी आर्याला अंगणात उलटं चालायला शिकवलं.

संमेलनाला काका पहिल्या रांगेत बसले होते. मी पडद्याआड विंगेत, तिच्या चपला हातात घेऊन. आर्यानं चार वाक्यं न चुकता म्हटली. सलाम ठोकला, एक पाऊल मागे टाकलं आणि सरळ गर्रकन वळली. मागे नुसता फ्रॉक आणि तीन पांढऱ्या गाठी. मांडव हसला. पोरगी तिथेच थिजली आणि मला चार पावलं पुढे जाता आलं नाही. मी चपला धरून उभीच राहिले.

घरी आल्यावर विचारलं, का वळलीस. म्हणाली, "तू आहेस का ते पाहत होते."

मी बरं म्हटलं आणि कुकर लावला.

संध्याकाळी काका आले. बसले नाहीत. "माही चूक झाली, सूनबाई. मोठा माणूस नाई वळत, लेकरू वळते. इतक्या वर्सांत हे मले काऊन नाई सुचलं?" मी म्हटलं, सोडा हो काका, पाठ कोण पाहतं. ते हसले नाहीत. वळले आणि चालू लागले. त्यांची पाठ मी पहिल्यांदा पाहिली. शर्ट खांद्यापाशी उसवला होता.

नंतर त्यांचं येणं कमी झालं. चैत्रात दुपारी जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत. मी काकूंजवळ जाऊन बसले. तिथेही कोरडीच.

तेरवी झाल्यावर काकू वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन आल्या. उघडलं तर पाठ होती. सात पट्ट्या, कवेलूसारख्या, चंदेरी. आधीच्या मापापेक्षा दोन बोटं मोठी, पोरगी वाढणार म्हणून. नाड्यासाठी पेन्सिलीच्या खुणा केलेल्या, भोकं पाडायची राहिलेली. "हेच करून राहिले होते," काकू म्हणाल्या. "दोनदा मोडलं. पाठ जमत नाई म्हने, कधी केलीच नाई."

काकू गेल्यावर मी दाभण घेऊन बसले. तिसऱ्या खुणेवर दाभण पुठ्ठ्यातून निसटून थेट बोटात घुसलं. दुखलं. चांगलंच दुखलं. दिवाळीनंतर मला पहिल्यांदा काहीतरी दुखलं होतं. बोट तोंडात धरून मी कितीतरी वेळ तशीच बसून राहिले.

मग आर्याला हाक मारली. समोरचं चढवलं, मागचं लावलं, नाडा ओवला. दुखऱ्या बोटानं गाठ बसेना. ती मान वळवून पाहू लागली.

"वळू नको," मी म्हटलं. "मी आहे मागे."