नवरीकडचं कुणीच नव्हतं

मेक्सिकोतल्या पुएब्लाच्या एदुविहेसने जन्मभर कुणावर पटकन विश्वास ठेवला नाही. अपवाद टीव्हीवरच्या इन्स्पेक्टरचा. त्या संध्याकाळी मालिकेत त्याने अचानक लग्न केलं, तेव्हा जमलेल्या शेजारणींनी टाळ्या पिटल्या.

"नवरीकडचं कुणीच नाही," एदुविहेस म्हणाली. "दोघांच्या खांद्यांवर लग्नाची एकच माळ टाकायलाही मानकरी त्याचाच हवालदार! ही बाई त्याचा घात करणार."

"अहो बाई, तुम्हाला देवदूताच्या पंखाखालीही चोर दिसतो!" शेजारीण खिदळली.

एदुविहेस हसली नाही. तिने मुलीकडे पाहिलं. "इत्सेल, शनिवारी तुझं लग्न. माळ टाकायला तुझ्या रामिरोकडून कोण येणार आहे?"

इत्सेलने टीव्हीचा आवाज वाढवला.