जाड तार

एलियाकाकांविषयी लिहायचं तर आधी राग गिळायला हवा, आणि तो मला गिळवत नाही. परवापर्यंत ते आमच्या नगरच्या कारखान्यात टेस्टिंगला होते. आता त्यांना स्टोअरला बसवलंय, नटबोल्टची खोकी लावायला. मी मोनिका, तिथलीच इंजिनिअर. मला मेमो मिळालाय. आणि आमचे राधाकृष्ण साहेब आहेत तिथंच आहेत, एसीत. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. फक्त मी काही संन्यासी नाही.

आम्ही विजेवर उडणाऱ्या दोन आसनी विमानासाठी ब्रेकर बनवतो. बॅटरीपासून मोटरपर्यंतच्या तारा कुठं एकमेकींना भिडल्या, तर पापणी लवायच्या आत वीज तोडायची, एवढंच त्याचं काम. मला हे समजायला कॉलेजची चार वर्षं लागली. काका मूळचे सोनईचे वायरमन, ते दोन वाक्यांत सांगायचे, "घरची लाईट सेकंदाला शंभरदा दम घेती, तेवढ्यात ठिणगी इझती. ब्याटरीची लाईट दमच घेत न्हाई. अन् वर हवा इरळ, तिथं ठिणगी आजूनच चेकाळती." मग चष्मा पुसत पुढं म्हणायचे, "रानात मोटर पेटली तर मानूस लांब पळतो. इमानातून कुठं पळायचं?"

त्यांच्यासोबत काम करणं म्हणजे डोक्याला ताप. तीनदा तपासल्याशिवाय सही नाही, आणि घाई केली की सोनईची गोष्ट. ती सगळ्या कारखान्याला पाठ होती. काका बाविशीत असताना गावात एका विहिरीच्या मोटरीचा फ्यूज सारखा उडायचा. कांदा पाण्यावाचून वाळत होता. लोक म्हणाले, एलिया, जाड तार टाक. यांनी तीन पदरी पीळ देऊन तार टाकली. मोटर धो धो चालली, लोकांनी खोबरं घालून गुळाचा चहा पाजला. तिसऱ्या दिवशी स्टार्टरची पेटी भडकली आणि गोरक्ष नावाच्या शेतकऱ्याचा उजवा हात कोपरापासून गेला. अजूनही काका गावी गेले की गोरक्ष त्यांना डाव्या हातानं रामराम घालतो. कारखान्यातली पोरं मागून म्हणायची, "आली बघा जाड तार!" मीही हसलेय.

मागच्या शुक्रवारी विमानवाले ब्रेकर बघायला येणार होते. सकाळच्या तालमीत मोटर वेगात आली की ब्रेकर वीज तोडायचा. दोनदा, तीनदा. साहेबांचा पारा चढला.

"ब्रेकर जास्तच नाजूक झालाय. मोनिका, आकडा वाढव."

किती करंटला तोडायचं तो आकडा लॅपटॉपवरून बदलता येतो, आणि पासवर्ड माझ्याकडे असतो.

काका आडवे आले. "साहेब, त्यो उगं तोडत न्हाई. आधी केबल उघडून बघू."

"किती वेळ लागेल?"

"दोन दिस."

"पाहुणे दोन तासांत येतायत, काका! तुमची सोनई पुरे झाली आता."

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मला ठाऊक होतं की त्यांचं बरोबर आहे. तरी मी आकडा दुप्पट केला. दोन तासांनी मोटर धो धो चालली. टाळ्या झाल्या, साहेबांनी चहा आणि पेढे मागवले. विमान चालवणारा करण, विशीतला हसरा पायलट, त्यानं मला त्याचा नंबर दिला. काही लागलं तर फोन करा म्हणाला. काकांनी चहाला हात लावला नाही. मी दोन कप प्यायले. संध्याकाळी ब्रेकर गाडीत घालून धावपट्टीवर रवाना झाला. सोमवारी सकाळी करण उडणार होता.

रविवारी दुपारी काकांचा फोन आला, "म्याडम, कारखान्यात या." काका रविवारचं चर्च कधी चुकवत नाहीत. त्या दिवशी चुकवलं होतं. इस्त्रीचा पांढरा शर्ट, बाह्या दुमडलेल्या, हात काळे. त्यांनी एकट्यानं टेस्टिंगची अख्खी केबल मोकळी केली होती. पत्र्याच्या क्लिपखाली रबर झिजून तांबं उघडं पडलेलं, भोवती जळाल्याचा डाग. मोटर वेगात आली की पत्रा थरथरायचा आणि तांबं त्याला टेकायचं. ब्रेकर खरं बोलत होता, आम्ही त्याचं तोंड दाबलं होतं. विमानातही हीच क्लिप होती.

मी साहेबांना फोन लावला. त्यांनी ऐकून घेतलं. "उद्या मी येतो, मग बघू. तोवर कुणाला काही बोलू नकोस. पाहुण्यांसमोर अब्रू जाईल."

"उद्या म्हणतायत," मी काकांना म्हटलं. "काका, माझी नोकरी..."

मला वाटलं, आता ओरडतील. ते नुसते स्टुलावर बसले.

"म्याडम, एक गोष्ट म्या कुणाला सांगितली न्हाई. दयालाबी न्हाई. माज्या बायकूला. तार टाकल्यावर दुसऱ्या दिशी म्या तितून गेल्तो. पेटीला हात लावला. चटका बसला. तवाच कळलं मला. तार काढली आसती तर लोकांनी शिव्या घातल्या आसत्या. कालच चहा पाजला हुता त्यांनी. म्या सायकलीवर बसलो अन् घरी गेलो. आजून एक दिस हुता, म्याडम. आख्खा एक दिस."

मला त्यांचा राग आला, साहेबांचा आला, त्या दोन कप चहाचा आला. मी करणचा नंबर लावला. त्यानं लगेच उचलला.

"बोला मॅडम!"

"उद्या विमान उडवू नका," मी म्हटलं. "ब्रेकरचा आकडा चुकीचा आहे. मी वाढवलाय."