एक कागद कमी

आखाती युद्धानंतर कुवेतमध्ये पुन्हा माणसं घ्यायला लागले, तेव्हा मी बायकोला घेऊन पुण्याहून तिकडे गेलो आणि फहाहीलच्या एका छापखान्यात ऑफसेट मशीनवर उभा राहिलो. पहिल्याच रमजानआधी कुराणाच्या एका भागाचं काम आलं. छापलेलं तपासायला एक म्हातारे इजिप्शियन उस्ताद होते. अख्खं कुराण त्यांना पाठ, तरी हातपाय धुऊन बसत आणि प्रत्येक कागद अक्षर न् अक्षर वाचत. मला हा निव्वळ वेळकाढूपणा वाटायचा.

एकदा मी माझ्या मोडक्यातोडक्या अरबीत तसं बोललोही. ते चिडले नाहीत. म्हणाले, "छपाई आली तरी कितीतरी काळ आमच्याकडे कुराण हातानंच लिहीत. लिहिणारा चुकला तर एक प्रत चुकते. तुझं मशीन चुकलं तर हजार." मी मान डोलावली आणि मनातल्या मनात हसलो.

मग एके सकाळी त्यांना आदल्या दिवशीच्या गठ्ठ्यात चूक दिसली. प्लेटवर कचरा बसून एका शब्दावरची उच्चाराची खूण उमटलीच नव्हती. पुण्यात असले कागद सरळ रद्दीत गेले असते. इथं ते एकूण एक गोळा करून स्वच्छ जागी पुरायचे. मशीनच्या आकड्याशी ताळा केला, तर एक कागद कमी. तो मिळेपर्यंत उस्ताद तपासणीची सही करणार नव्हते.

जाड, गुळगुळीत कागद फळीवर अंथरायला बरा, म्हणून मीच तो घरी नेला होता. मालकाला कळलं तर नोकरी आणि इथं राहायचा परवाना, दोन्ही जाणार. दुपारपर्यंत तोंड शिवून बसलो. उस्ताद मशीनखाली वाकून शोधताना दिसले, तेव्हा मात्र राहवेना. त्यांना बाजूला घेऊन सगळं सांगून टाकलं.

ते लगेच माझ्याबरोबर घरी आले. कागद देवांच्या फळीवर होता, कोरी बाजू वर. बायको घाबरून देव उचलून जमिनीवर ठेवायला लागली. ते बघताच उस्तादांनी मान फिरवली. भिंतीकडे बघतच म्हणाले, "जमिनीवर नको, मुली." मी ते मराठीत सांगितलं, तेव्हा तिनं देव पदरात घेतले आणि मी कागद काढला.

संध्याकाळी त्यांनी सही केली. मालकानं विचारलं, "कुठे होता तो कागद?"

"स्वच्छ जागी," उस्ताद म्हणाले. मी मशीनच्या आड जाऊन रडलो.