दोन्ही डोळे व्यवस्थित

त्या फिर्यादीची आठवण माझ्या मनात अजून ताजी आहे. तेव्हा मी वर्धा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या ठाण्याचा प्रभारी होतो. सकाळची हजेरी आटोपत असताना वांगी-टोमॅटो पिकवणारा साठीचा एक शेतकरी रुग्णालयाची फाईल घेऊन आला.

"साहेब, माहा डावा डोळा काचेचा हाय. लहानपणी बैलाचं शिंग लागलं होतं. मंग डॉक्टरनं दोन्ही डोळे चांगले काऊन लिवले?"

ठाणे अंमलदार हसला. मलाही वाटले, लिहिण्यात चूक झाली असेल. मी त्याला परत पाठवणारच होतो, पण तो जागचा हलला नाही.

"मी तापासाठी गेलतो. डॉक्टरनं मले हात बी नाई लावला," तो म्हणाला.

मी फाईल उघडली. डोळे, कान, घसा, हृदय, फुप्फुसे, पोट, सांधे. प्रत्येकापुढे तपासल्याची खूण होती. त्याच्या भाजी उत्पादक गटाने सामूहिक विमा काढला होता. विमा कंपनीकडे चौकशी केल्यावर उलगडा झाला. जितके जास्त अवयव तपासल्याची नोंद, तितकी तपासणी वरच्या पातळीची आणि तितके बिल मोठे. गटातल्या इतरांच्या फायली मागवल्या. सगळ्यांत मजकूर शब्दशः तोच.

मी त्या खासगी रुग्णालयात गेलो, तेव्हा डॉक्टर निवांत होते. संगणकावर नोंदी भरणारी मुलगी मात्र घामाघूम झाली होती. माझा सहायक हळूच म्हणाला, "हिनंच भरल्या, सर. हिलेच आधी अटक करू." मी त्याला थांबवले. इतका घाबरलेला माणूस पुष्कळदा दुसऱ्याचे ओझे वाहत असतो, हे मी नोकरीत पाहिले होते.

दुसऱ्या दिवशी दोघांना ठाण्यात बोलावले. मुलगी बाहेर बाकावर बसली. काचेच्या डोळ्याचा विषय न काढता मी डॉक्टरांना विचारले, "या फाईलीतल्या नोंदी कोणाच्या?"

"माझ्या. प्रत्येक रुग्ण मी स्वतः तपासतो."

"या रुग्णाच्या डोळ्यांत टॉर्च मारला होता?"

"दोन्ही डोळ्यांत. बाहुल्या उजेडाने बरोबर आकसल्या."

जबाब लिहून घेतला आणि त्यांना वाचून दाखवला. "बरोबर आहे," ते म्हणाले. मग मी शेतकऱ्याला आत घेतले. तो समोर बसला, डावा डोळा काढून रुमालावर ठेवला आणि शांतपणे म्हणाला, "आता पाहा जी."

डॉक्टरांचा चेहरा उतरला. "मुलीने चुकून भरले असेल," ते पुटपुटले.

दार उघडेच होते. ती मुलगी उठून आत आली आणि तिने मोबाइल माझ्यापुढे धरला. "सर, नोकरी जाईल म्हणून गप्प होती. खुणा कमी पडल्या की डॉक्टरच मेसेज करत होते." डॉक्टरांचा संदेश होता, 'यात आणखी चार अवयव टाक.' असे कितीतरी संदेश होते. पंचांसमक्ष फोन जप्त केला.

न्यायालयात गुन्हा शाबित झाला. त्या मुलीने साक्षीदार म्हणून न अडखळता साक्ष दिली.

फिर्याद कितीही क्षुल्लक वाटली तरी शेवटपर्यंत ऐकायची, हे मी या प्रकरणात शिकलो. ते किती मोलाचे होते, हे मात्र नंतर कळले. गटातल्या सर्वांची खरी तपासणी व्हावी, असे पत्र मी तपास चालू असतानाच सरकारी रुग्णालयाला दिले होते. त्या तपासणीत एका बाईच्या हृदयाच्या झडपेत दोष निघाला. तिच्या फाईलीत 'हृदय व्यवस्थित' असे लिहिले होते. तिची शस्त्रक्रिया वेळेत झाली.

काही महिन्यांनी ती मेथीच्या दोन जुड्या घेऊन ठाण्यात आली. मी तिला बसायला खुर्ची दिली, पण ती उभीच राहिली.

"स्टँडपासून पायी आली, साहेब," ती म्हणाली. "कुठीच दम नाई लागला."